पटावर कॅमेरा की पडद्यावर पट?

एका मित्राला बुद्धिबळ आणि गो (काळ्या-पांढऱ्या गोट्यांचा पटावरचा खेळ) या खेळांचे डाव समालोचनासह थेट दाखवायचे आहेत. खऱ्या पटावर वरून कॅमेरा लावावा की डिजिटल पटच पडद्यावर दाखवावा, यावर त्याचं अडलंय.

खर्चात डिजिटल पट सरळ पुढे. लीचेस (बुद्धिबळाचं संकेतस्थळ) आणि ओबीएस स्टुडिओ (पडद्यावरचं चित्र थेट प्रसारित करायचं सॉफ्टवेअर) दोन्ही मोफत आहेत. कॅमेऱ्यासोबत स्टँड आणि दिवे आलेच, आणि गुळगुळीत पटावर दिव्याची चकाकी पडते ती वेगळीच. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर हात आत आला की चित्र धूसर होतं.

खरा फरक पडतो तो खुणांमध्ये. लीचेसवर माउसचं उजवं बटण दाबून ओढलं की बाण तयार, आणि तो घराला चिकटून राहतो. कॅमेऱ्याच्या चित्रावर काढलेला बाण मात्र पटाला धक्का लागला की भलत्याच घराकडे बोट दाखवतो. शिवाय ‘इथे घोडा गेला असता तर?’ हे चालू डावात खऱ्या सोंगट्या हलवून दाखवता येत नाही. डिजिटल पटावर चार खेळ्या पुढे जाऊन परत येता येतं. डाव साध्या खऱ्या पटावर चालू असेल तर प्रत्येक खेळी कुणालातरी डिजिटल पटावर भरावी लागते, हा त्रास आहेच.

पण खेळाडूचा अडखळलेला हात डिजिटल पटावर दिसत नाही, आणि मला तोच बघायचा असतो.

शिकवायचं असेल तर डिजिटल पट. मित्रांचे सामने रंगवायचे असतील, किंवा पत्ते-फासे असलेला खेळ असेल, तर कॅमेरा. दोन्ही जमत असेल तर मोठा डिजिटल पट आणि कोपऱ्यात कॅमेरा.