संस्थांच्या संघाचं सभासदत्व: तेरा महिने वापरून पाहिल्यावर

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या सेवाभावी संस्थांच्या संघाचे सभासद झालो. तेव्हा माझ्या डोक्यात एकच हिशेब होता: दोन हजार वर्गणी भरायची आणि त्यांच्या ओळखीनं कुठनं तरी दोन लाखांची देणगी पदरात पाडून घ्यायची. खोटं कशाला बोलू. ती देणगी अजून आलेली नाही. तरी या महिन्यात मी वर्गणी पुन्हा भरली. का भरली ते लिहून ठेवते, कारण गेल्या पंधरवड्यात दोन संस्थांच्या सचिवांनी फोन करून विचारलं, "बाई, घ्यावं का सभासदत्व?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा हे बरं.

आमची संस्था लहान. करवीर तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांच्या खोप्यांजवळ आम्ही संध्याकाळी मुलांचे वर्ग घेतो. कारखान्यात मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की वर्ग सुरू; पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बंद. मानधनावर पाच शिक्षिका, दोन जागा आणि माझ्या घरातलं एक लोखंडी कपाट, त्यात संस्थेचं दप्तर. मी शाळेतनं निवृत्त झाले आणि सचिवपद गळ्यात पडलं. अध्यक्षांना मुलांत रस, खजिनदारांना जमाखर्चात रस, कागदात कुणालाच नाही.

कोल्हापूरकराला संघ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १९६३ पासून इथली घरं गोकुळ दूध संघाला दूध घालतात. माझ्या सासरी गोठा होता. डेअरीवर "घरचं दूध आहे हो" असं कितीही म्हणा, फॅट लागेल तोच दर. या संघात पहिल्याच महिन्यात आमचीही फॅट तपासली गेली. सभासद करून घ्यायच्या आधी त्यांनी तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, घटना, प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) आणि परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयात कोण विश्वस्त म्हणून नोंदलेत त्याचा, दाखला मागितला. मला वाटलं, नुसती औपचारिकता असेल. पण संघात एक निवृत्त सरकारी अधीक्षक आठवड्यातनं तीन दिवस विनामोबदला बसतात, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन दाखला वाचला आणि म्हणाले, "बाई, कागदावर सात विश्वस्त आहेत. यातले हयात किती?"

चार, मी म्हटलं. तिघं गेले होते, संस्थापक अध्यक्ष तर २०१७ मध्येच. राहिलेल्या चौघांतले एक पुण्याला मुलाकडं राहायला गेले आणि जाताना तोंडी राजीनामा देऊन गेले.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण लहान संस्थांच्या कपाटांत हेच दडलेलं असतं. आपल्याकडं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही सभा घेत होतो, ठराव करत होतो, नवे विश्वस्त निवडत होतो आणि पेढे वाटून घरी जात होतो. अर्ज कुणी दिलाच नव्हता. म्हणजे गेली सात-आठ वर्षं जे काम बघत होते त्यांतल्या निम्म्यांची नावं सरकारदरबारी नव्हती. बँकेत सही बदलायला गेल्यावर तिथला माणूस दरवेळी परिशिष्ट एक मागायचा आणि आम्ही त्याच्यावरच चिडायचो.

आणि हे एका अर्जात मिटत नाही. २०१७ चा बदल आधी, मग त्यानंतरचा, मग त्याच्या नंतरचा, अशी साखळी लावावी लागते. प्रत्येकाला सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, गेलेल्याचा मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र. वर विलंब माफीचा अर्ज वेगळा. २०१९ च्या सभेचं प्रोसिडिंग आमच्याकडं नव्हतंच, त्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी एका विश्वस्ताच्या घरात शिरलं होतं आणि वही त्यांच्याकडं होती. आमच्या ओळखीचा एक मध्यस्थ म्हणाला, "एका रात्रीत सगळी जुनी प्रोसिडिंग लिहून देतो, शाईसुद्धा जुनी वापरतो." दरही सांगितला. मी भाऊंना विचारलं तर त्यांनी फाईल मिटली. "उशीर झालाय, तर उशीर झाला म्हणून अर्ज करू. वही पुरात गेली, तर गेली म्हणून प्रतिज्ञापत्र करू. खोटं लिहायचं असेल तर मी येणार नाही."

मग चार शनिवार ते आमच्या जेवणाच्या टेबलावर बसले. चहा तेवढा घेतला, चौथ्या शनिवारी आग्रहानं मिसळ खाल्ली. तीन अर्ज दाखल झाले. पहिला मंजूर झाला आहे, उरलेले दोन तारखांवर आहेत. याच कामाला बाहेर मला सांगितलेली फी आमच्या एका शिक्षिकेच्या अख्ख्या हंगामाच्या मानधनाएवढी होती.

दप्तर उघडल्यावर आणखी एक साप निघाला. आमचे खजिनदार भला माणूस. पैसे कमी पडले की खिशातनं घालायचे आणि ताळेबंदात ते 'उसनवार' म्हणून दाखवायचे. ३०,००० रुपये असे साचले होते. भाऊंनी बोट ठेवलं: धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घेतल्याशिवाय विश्वस्ताला संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही, मग ते स्वतःच्या खिशातलं का असेना. खजिनदार दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "मी पदरचे घातले आणि मीच चोर?" त्यांचा राग मला समजतो, कारण भल्या माणसाला नियम सांगणं फार अवघड. शेवटी त्यांनी रीतसर पत्र देऊन ती रक्कम सोडून दिली. आता कमी पडलं तर ते देणगीची पावती फाडून घेतात.

तारखांच्या बाबतीत संघाला मी पैकीच्या पैकी देईन. पूर्वी देणगीदाराला ८० जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, शिक्का मारलेली पावती दिली की आपलं काम संपायचं. २०२१-२२ च्या देणग्यांपासून तसं नाही. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १० बीडी फॉर्मवर ३१ मेपर्यंत भरायचं, त्यातनं १० बीई प्रमाणपत्र निघतं, आणि ते असेल तरच देणगीदाराला सूट. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले आम्हाला दरवर्षी २५,००० देतात. त्यांच्या हिशेबनिसानं आदल्या वर्षी प्रमाणपत्र मागितलं होतं आणि आम्ही पावतीची झेरॉक्स पाठवली होती! यंदा संघाचा निरोप मे महिन्यात तीनदा आला, तिसऱ्यांदा तर थेट फोन: "बाई, भरलं का? नसेल तर लॅपटॉप घेऊन या."

त्याहून मोठं काम ३० सप्टेंबर २०२५ चं होतं. २०२१ मध्ये ज्या संस्थांनी १२ ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८० जीची फेरनोंदणी केली, त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी द्यायचा असतो. जूनमध्ये संघानं यासाठी बैठक लावली. तिथं कळलं की प्राप्तिकराच्या पोर्टलवर आमच्या संस्थेच्या नावापुढं जो ई-मेल आहे तो आमच्या जुन्या कर सल्लागारांचा, आणि त्यांनी काम सोडून तीन वर्षं झाली. म्हणजे नोटीस आली असती तरी ती त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली असती. तो पत्ता बदलला, मग अर्ज केला. पुण्याच्या प्राप्तिकर आयुक्तालयातनं खुलासा मागणारी नोटीस खरंच आली, तीसुद्धा थोड्या दिवसांची मुदत देऊन. गेल्या महिन्यात आदेश हातात पडला. आमच्यासारख्या पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना १२ ए आता दहा वर्षांसाठी मिळतं, ८० जी मात्र पाचच वर्षं. हेही मला तिथंच कळलं.

सामायिक हिशेबनीस ही संघाची सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची सोय. आम्हा चार लहान संस्थांना मिळून एक मुलगी. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, प्रत्येकीकडं आठवड्यातनं एक दिवस, पाचव्या दिवशी ती संघात. पगार पाच जणांत. ती यायला लागल्यापासनं मार्चअखेर माझं डोकं धरायचं थांबलं. एकाच माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख द्यायचे नाहीत हे तिनं पहिल्याच दिवशी कपाटाच्या दारावर चिकटवून टाकलं. तक्रार एवढीच की आमचा वार बुधवार आणि एका मोठ्या सभासद संस्थेचं काम तुंबलं की तो बुधवार हमखास तिकडं जातो. विचारलं तर "समजून घ्या बाई". समजून घेतलं, पण चारदा.

आता ज्यासाठी गेले होते त्या पैशाविषयी. गेल्या फेब्रुवारीत संघानं दसरा चौकात शाहू स्मारकमध्ये कारखानदार आणि संस्था यांची भेट घडवली. कंपनी कायद्याच्या १३५ कलमात बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात; ५ कोटी नफा असेल तर १० लाख. आपल्याकडच्या फाउंड्र्या, इंजिनिअरिंगचे कारखाने यांत अशा बऱ्याच. सीएसआर-१, म्हणजे कंपन्यांचा हा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, नसेल तर कंपनी संस्थेला थेट दारात उभं करत नाही, ती नोंदणी संघानं आधीच करून घेतली होती. सगळं रीतसर. पण ज्यांची छापील रंगीत पुस्तिका, स्वतःची इमारत आणि फलक लावायला भिंत, त्यांच्याच टेबलाभोवती गर्दी. आमच्याकडं भिंतच नाही, खोपी पाचटाची. एका साहेबांनी आपुलकीनं विचारलं, "मग आमच्या कंपनीचं नाव कुठं लावणार?"

दुसरी अडचण वेळापत्रकाची. कंपन्यांचा उरलेला पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडतो, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. आमची मुलं नोव्हेंबरमध्ये येतात आणि तेव्हा पाट्या, दप्तरं, कंदील लागतात. मार्चमध्ये टोळ्या बैलगाड्या-ट्रॅक्टर भरून परतीला लागलेल्या असतात. मी हे कार्यकारिणीपुढं दोनदा मांडलं. कंपन्यांशी ऑगस्टमध्येच बोलणी सुरू करा, लहान संस्थांचा एकत्र प्रस्ताव करा, म्हटलं. इतिवृत्तात नोंद झाली, पुढं काही झालं नाही. भेटीतनं जे काही जुळलं ते बहुतेक मोठ्यांचंच. कार्यकारिणीतही तेच आहेत, हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

बैठकांविषयी बोलायलाच नको. अकराची वेळ म्हणजे साडेबारा. हार, नारळ, स्वागत, प्रास्ताविक, मग प्रमुख पाहुण्यांचं शाहू महाराजांवर भाषण. महाराजांनी १९०१ पासून या गावात समाजासमाजाची वसतिगृहं उभी केली ती भाषणं करून नव्हे, असं एकदा माझ्या शेजारच्या ताई पुटपुटल्या, तर आम्हा दोघींना हसू आवरेना. परदेशी देणग्यांच्या कायद्यावरचं अख्ख्या दिवसाचं शिबिर तर शुद्ध फुकट गेलं. दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या शाखेत खातं, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा, सगळं नीट सांगितलं. पण खोलीतल्या तीसेक जणांत परदेशी देणगी घेणाऱ्या संस्था दोन. त्या दिवशी आम्हाला पावतीपुस्तक कसं लिहावं हे शिकवलं असतं तरी चाललं असतं.

एक गोष्ट मात्र मी पैशात मोजू शकत नाही. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं, त्याच रात्री संघाच्या ग्रुपवर गावांची यादी पडली: कुणी कुठं जायचं, कुणाकडं गाडी, कुणाकडं स्वयंपाक. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना याची किंमत कळेल. तेव्हा रस्त्यालगतच्या गावांत बिस्किटांचे ढीग लागले होते आणि आत, वाट तुटलेल्या वस्त्यांवर दोन दिवस कुणी पोचलं नव्हतं. जुन्या कपड्यांचं तर विचारू नका, महिनाभर ते निवडत बसलो होतो. यंदा आमच्या वाट्याला एक निवारा केंद्र आलं, तिथली मुलं सांभाळायची. तेच आम्हाला येतं. पाणी लवकर उतरलं, आम्ही तीन दिवसांत परतलो. दुसऱ्या एका संस्थेनं त्याच केंद्रात आपला फलक लावून फोटो काढले, तो भाग सोडा.

तर घ्यावं का? ज्यांच्याकडं पगारी कार्यालय आहे, स्वतःचा सीए आहे, त्यांना यातनं ओळखीपाळखीपलीकडं फार काही मिळेल असं वाटत नाही. त्यांनी शिकवायला यावं. ज्यांचं दप्तर कुणाच्या तरी घरातल्या कपाटात आहे त्यांनी घ्यावं, आणि जाताना परिशिष्ट एकचा दाखला सोबत न्यावा. फक्त देणगीसाठी जाणार असाल तर दोन हजार वाचवा. आजीव सभासदत्वाचा फॉर्म मला दोनदा पाठवलाय, मी भरलेला नाही. येत्या वार्षिक सभेत कार्यकारिणीच्या दोन जागा लहान संस्थांसाठी राखून ठेवाव्यात असा ठराव आम्ही चौघींनी दिलाय, त्याचं काय होतं ते बघून ठरवेन.

दुसऱ्या बदल अर्जाची तारीख पुढच्या सोमवारी आहे. पुण्याच्या विश्वस्तांना सहीसाठी बोलावलंय. भाऊ म्हणाले, साडेदहाला या, आणि त्यांना ओळखपत्राची मूळ प्रत आणायला सांगा, झेरॉक्स नको.