पुतण्यासाठी घेतलेले फोमचे कानबोळे

देवळालीच्या तोफखाना रेंजवर आणि पुढे युनिटमध्ये मी कापसाचे बोळे घालून 155 मिमी तोफा चालवल्या. आज डाव्या कानात रातकिडा बसल्यासारखा सतत आवाज येतो, रात्री पंखा बंद केला की जास्तच. म्हणून पुतण्या तोफखान्यात लागल्यावर त्याला थ्रीएमचे 1100 फोमचे नारिंगी बोळे घेऊन दिले. पाकिटावर एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचं मानांकन) 29 डेसिबल लिहिलंय, पण तो प्रयोगशाळेतला आकडा. कानात नीट बसले नाहीत तर त्याच्या निम्मंही संरक्षण मिळत नाही.

बसवायची पद्धतच महत्त्वाची. स्वच्छ बोटांनी बोळा वळून बारीक, गुळगुळीत करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, अर्धा मिनिट तरी. पुतण्याने पहिल्यांदा नुसता टोचला होता, निम्मा बाहेर. नीट बसवल्यावर म्हणाला, "काका, माझाच आवाज घुमतोय." मग खात्री पटली.

तक्रार एकच: हुकूमही दबून ऐकू येतात, म्हणून पोरं मधेच काढतात. पण तोफेचा धमाका 140 डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. तोफेजवळ बोळ्यांवर इअरमफही (पूर्ण कान झाकणारे) चढवावेत. बोळे मळले की फेकून द्या, धुऊ नका. मी दुसरा डबाही मागवलाय.