एस्ट्रॅडिओलचे चौदा महिने: आधी गोळ्या, मग जेल, आणि रिपोर्ट वाचायला शिकणं

मी ट्रान्स बाई आहे, आणि एस्ट्रॅडिओल म्हणजे बायकांचं मुख्य हॉर्मोन सुरू करून मला चौदा महिने झाले. पहिले पाच महिने गोळ्या, तेव्हापासून जेल, आणि पहिल्या दिवसापासून सोबत स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) दाबणारं औषध. सुरुवातीला मला कुणी नीट सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

गोळी 2 मिलिग्रॅमपासून सुरू झाली, तिसऱ्या महिन्यात 4. गिळलेली गोळी आधी लिव्हरमधून जाते, तिथं तिच्यातल्या बऱ्याच एस्ट्रॅडिओलचं एस्ट्रोन होतं, जे खूप कमी ताकदीचं असतं. शिवाय या लिव्हरच्या फेरीमुळे गोळ्यांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जेल किंवा पॅचपेक्षा जास्त धरतात. माझ्या वडिलांना पायात गुठळी झाली होती, ते डॉक्टरांना मी पाचव्या महिन्यात सांगितलं, आधीच सांगायला हवं होतं, आणि त्याच दिवशी त्यांनी मला जेलवर आणलं.

आता एका रिपोर्टची गोष्ट. जेल सुरू करून दोन महिने झाले होते, सकाळी उठून नेहमीसारखं दोन्ही हातांना कोपरापर्यंत जेल चोळलं, वाळू दिलं आणि तशीच लॅबमध्ये गेले. संध्याकाळी मोबाईलवर आकडा आला, एस्ट्रॅडिओल 860. खरं सांगते, आधी आनंद झाला आणि मग रात्रभर पोटात गोळा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आकड्याबद्दल काहीच न बोलता विचारलं, "जेल कुठं लावतेस, आणि सुई कुठं टोचली?" कातडीवर राहिलेलं जेल सुईबरोबर सॅम्पलमध्ये उतरतं, म्हणजे तो आकडा माझ्या रक्ताचा नव्हताच. मग जेल मांडीला लावायला सुरुवात केली, हात स्वच्छ धुवायचे, आणि दहा दिवसांनी परत टेस्ट केली तर 138. त्या 860 वर कुणी डोस निम्मा केला असता तर माझं काय झालं असतं हा विचार अजून येतो.

138 म्हणजे अगदी बरोबर. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या गाईडलाईनमध्ये एस्ट्रॅडिओल 100 ते 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असं टार्गेट आहे, माझं तेव्हा 41 होतं. काही लॅब पिकोमोलमध्ये देतात, तेव्हा एस्ट्रॅडिओलला 3.67 ने गुणायचं, म्हणजे माझं 138 तिकडे 507 दिसेल आणि युनिट न बघणारी घाबरून जाईल. माझ्या कागदावर अजून जुनंच लिंग आहे त्यामुळे रेंज पुरुषांची छापून येते आणि दोन्ही आकड्यांपुढे लाल खूण असते, ती बघून दचकू नका.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगून बंद करा, काही मशीनवर त्याने एस्ट्रॅडिओल खोटं वाढलेलं दिसतं. इंजेक्शनवाल्या मैत्रिणीचा आकडा टोचल्यावर दोन दिवसांनी एक आणि पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी भलताच, त्यामुळे दरवेळी डोसनंतर ठराविक वेळीच रक्त द्यायचं, नाहीतर मागच्या रिपोर्टशी तुलनाच होत नाही.

जास्त डोस म्हणजे लवकर बदल, असं मलाही वाटायचं. चौथ्या महिन्यात निप्पलच्या मागे छोटी गाठ हाताला लागली, दुखायची, कुशीवर झोपता येईना, आणि मी लगेच 6 मिलिग्रॅम मागितले. डॉक्टर नाही म्हणाले. छातीची वाढ पूर्ण व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात, टेस्टोस्टेरॉन आधीच खाली असेल तर एस्ट्रॅडिओल वाढवून ती पळत नाही. त्वचा मात्र तीन-चार महिन्यांत मऊ झाली. आवाज याने बदलत नाही, त्याचा सराव वेगळा करावा लागतो, मी रोज करतेय.

स्पायरोनोलॅक्टोनची तक्रार आहे. 100 मिलिग्रॅमवर रात्री तीनदा उठावं लागायचं, पटकन उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, आणि अकराव्या महिन्यात पोटॅशियम 5.3 आलं, म्हणजे जास्त. हे औषध पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं, म्हणून हॉर्मोन्सच्या टेस्टबरोबर ते बघायलाच हवं, मी एकदा टाळलं होतं. डोस 50 वर आला. सहा आठवड्यांनी पोटॅशियम 4.4, टेस्टोस्टेरॉन 44, आणि रात्री आता एकदाच जाग येते.