साडेसहा हजारांचा सेन्सर आणि तिसऱ्या मजल्यावरचा पंखा

नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या एका जुन्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, म्हणजे इमारत स्वतः कोणत्या वारंवारतेला हलते ते बघायला, कंपनं मोजणारा हा सेन्सर घेतला. एडीएक्सएल 355 चिप, ॲल्युमिनियमचा डबा, केबल, सगळं मिळून साडेसहा हजार. याआधी एमपीयू 6050 या चिपवर भागवायचो. तिचा स्वतःचाच गोंगाट वर्गमूळ हर्ट्झमागे 400 मायक्रो-जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण, मायक्रो म्हणजे त्याचा दशलक्षांश), हिचा 25 च्या आसपास. त्यामुळे जुन्या चिपच्या आलेखात मला इमारत दिसायचीच नाही, चिपच दिसायची.

आधी तक्रार. दुकानदाराने डब्याखाली चार रबरी पाय ठोकून दिले होते, "धक्का लागू नये म्हणून." अहो, धक्का मोजायलाच तर घेतलाय! पाय पक्कडीने उपटले आणि डबा गच्चीवर पीओपीने घट्ट बसवला.

125 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 125 वेळा, नोंद घेतली की चिपमधलाच फिल्टर साधारण 31 च्या वरचं कापतो, म्हणजे विजेच्या 50 ची कटकट नाही. पंप मात्र 1440 फेऱ्यांचा, म्हणजे बरोबर 24 हर्ट्झ, तो फिल्टरच्या आत राहतो. सेक्रेटरी काका म्हणाले, "सर, पाणी पहाटे येतं, पंप बंद ठेवता येणार नाही." मग रात्री एक ते तीन बसलो. आग्रा रोडवरचे ट्रक चालू होतेच, पण ते मला हवेच असतात. ते इमारतीला सगळ्याच वारंवारता थोड्याथोड्या देतात आणि इमारत त्यातली स्वतःची तेवढी उचलते.

आलेखात दोन शिखरं आली, 4.1 आणि 4.6 हर्ट्झ. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातल्या सूत्राने 12 मीटर उंची आणि 16 मीटर लांबीला 3.7 येतं, त्यामुळे दोन्ही खरी वाटावीत अशीच. पण 4.6 चं शिखर सुईसारखं टोकदार होतं. इमारतीला अवमंदन (कंपनं हळूहळू जिरवण्याचा गुण) असतं, तिचं शिखर थोडं तरी पसरतंच. शेवटी खालच्या काकूंना उठवलं, शिव्या खाल्ल्या, पंखा बंद करवला. सुई गेली! मिनिटाला 276 फेरे, रेग्युलेटर तीनवर. इमारतीचा ताठरपणा वारंवारतेच्या वर्गाने जातो, म्हणजे पंख्याला इमारत समजलो असतो तर तो 26 टक्के जास्त धरून बसलो असतो.

घेणाऱ्यांना सांगणं एवढंच, एक घेऊ नका, दोन घ्या. एकाच सेन्सरच्या नोंदीचे तुकडे करून कितीही सरासरी काढा, आलेख गुळगुळीत होतो, पण चिपच्या गोंगाटाची पातळी तिथेच राहते. दोन शेजारीशेजारी ठेवून क्रॉस-स्पेक्ट्रम (दोन्ही नोंदींची वारंवारतेगणिक तुलना) काढला की दोघांत सारखं असतं ते टिकतं (पंखासुद्धा!) आणि प्रत्येकाची आपापली खरखर सरासरीत विरत जाते. फक्त दोन्ही नोंद घेणाऱ्या एकाच कंट्रोलरला जोडा, नाहीतर घड्याळं सरकतात.

पाचपैकी चार. एक तारा रबरी पायांसाठी कापला. दुसरा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "बिनपायाचा देतो साहेब, पण भाव तोच."