होडीवरची जिवंत आमिषाची टाकी: 60 लिटरचं तयार किट घ्यावं का?

कोकणात 18-20 फुटी फायबर होडीवरून गरवणाऱ्यांना 'लाइव्हवेल किट' म्हणून जे विकलं जातं, त्यात साधारण एवढं येतं: 60 लिटरची लंबगोल प्लास्टिक टाकी, समुद्राचं पाणी टाकीत ढकलणारा 12 व्होल्टचा ताशी 500 गॅलनचा एरेटर पंप, 19 मिमी नळी, फवाऱ्याचा पाईप, ओव्हरफ्लोचं (जादा पाणी बाहेर सोडणारं) तोंड, पाणी आत घ्यायला होडीच्या तळात बसवायची नायलॉनची फिटिंग आणि स्विच. चोणक (रायगडकडचा जिताडा), गोब्रा, तांबोशी यांच्यासाठी बोय नाहीतर कोळंबी दिवसभर जिवंत ठेवायची असेल, तर टाकी आणि पंपासाठी हे किट जरूर घ्या. बाकीचं बरंचसं बदलावं लागेल.

टाकी खरंच चांगली आहे. कोपरे नसल्यामुळे मासा कोपऱ्यात नाक घासत बसत नाही, गोल फिरत राहतो. बांगडा पोहायचा थांबला की त्याच्या कल्ल्यांतून पुरेसं पाणी जात नाही, त्यामुळे चौकोनी खोक्यात तो लवकर मरतो.

पंपही पुरेसा आहे. 500 गॅलन म्हणजे सुमारे 1,890 लिटर, पण हा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा. नळीचा चढ आणि वळणं धरून निम्माच प्रवाह मिळाला, तरी टाकीतलं पाणी तासाला पंधरा वेळा बदलतं. सहा वेळा बदललं तरी चालतं. कोळंबीला एवढा झोत सोसत नाही, म्हणून फवाऱ्याच्या आधी बॉल व्हॉल्व्ह लावा.

खरी गडबड ओव्हरफ्लोत आहे. किटमध्ये तो 25 मिमीचा येतो. पंप पाणी जोराने आत ढकलतो, बाहेर मात्र ते फक्त स्वतःच्या वजनाने जातं. त्यात तोंडावर सपाट जाळी. दोन-चार खवलं आणि कोळंबीच्या मिशा तिथे चिकटल्या की पाणी काठावरून थेट होडीत. 38 मिमीचा ओव्हरफ्लो बसवा आणि सपाट जाळी काढून टाका. तिच्या जागी टाकीच्या आतून एक उभा पीव्हीसी पाईप लावा, त्याला चारी बाजूंनी 5 मिमीची भरपूर भोकं पाडा. एक बाजू तुंबली तरी बाकीची चालू राहते. बाहेरच्या नळीला कुठेही खोलगट झोळ नको.

तळातली नायलॉन फिटिंग पाणरेषेखाली वापरू नका. तिथे ब्राँझची फिटिंग आणि ब्राँझचाच बंद करता येणारा व्हॉल्व्ह हवा. पितळ नको. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं. खरवडलं तर आतून गुलाबी दिसतं आणि पान्याच्या एका झटक्यात तुटतं. भोक पाडल्यावर आत प्लायचा थर दिसला, तर कापलेली कड इपॉक्सीने पूर्ण बंद करा, नाहीतर प्लाय आतल्या आत कुजतो. सील करायला बोटीसाठीचं पॉलियुरेथेन घ्या, बाथरूमचं सिलिकॉन नाही. फिटिंगची जागा प्रोपेलरसमोर किंवा तळाच्या उंचवट्यामागे नको, कारण तिथे फेस असतो. हा पंप हवा ओढून पाणी वर घेऊ शकत नाही. आत बुडबुडा अडकला की मोटर फिरते, पाणी येत नाही. म्हणून पंप पाणरेषेखाली आणि नळी पंपापासून टाकीपर्यंत सलग चढती. मोटरचं कार्ट्रिज नळी न काढता निघतं असा पंप मिळाला तर तोच घ्या. रूल आणि अ‍ॅटवूड या पंपांच्या कंपन्या, दोघांकडेही तसे आहेत.

भरलेल्या टाकीतल्या पाण्याचंच वजन 62 किलोच्या आसपास. इंजिन, इंधनाचा कॅन आणि तांडेल आधीच मागे असतात, तेव्हा टाकी मधोमध, लांबी होडीच्या लांबीत ठेवून, पट्ट्यांनी बांधा. चालताना ती काठोकाठ भरलेली हवी. अर्ध्या टाकीतलं पाणी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जातं, होडी जास्त कलते आणि माशांची खवलं झडतात.

किटमधली वायर बारीक आहे. 2.5 चौरस मिमीची कथिल चढवलेली वायर घ्या, सांधे गोंदवाल्या हीटश्रिंकमध्ये (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत) करा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आणि पंपाच्या लेबलवर लिहिलेल्या अँपिअरचाच. पंप साधारण 2 अँपिअर घेतो, आठ तासांत 16 अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासाची बॅटरी पुरते. दोरीने सुरू होणाऱ्या लहान इंजिनांपैकी बरीच बॅटरी चार्ज करत नाहीत, तेव्हा ती घरूनच भरून न्या.

आमिष किती घालायचं? वीतभर लांबीची बोय 12 ते 15, जास्त नको. 30 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला जेमतेम 6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत संख्या आणखी कमी ठेवा आणि झाकण पांढरं असू द्या. पेडवे या टाकीत टिकवायच्या भानगडीत पडू नका, हात लागताच त्यांची खवलं सुटतात. कोळंबी कशाला तरी चिकटून बसते, तिला जाळीचा एक तुकडा आत सोडा. खाडीत धरलेली बोय घेऊन बाहेर पडताना खाडीच्या मुखापासून पाणी हळूहळू बदलू द्या, खारेपणातला एकदम फरक तिला मारतो. धक्क्याजवळ डिझेलचा तवंग दिसला तर तळाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तेवढ्या वेळापुरता बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप टाकीत सोडा. हा पंप किटमध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो.