मागाला कुठला पट्टा, पहिला की दुसरा?

सोलापुरात अक्कलकोट रोडला दाजींचे टॉवेलचे 24 माग आहेत. माग फिरवणाऱ्या मोटारीच्या पट्ट्यांचे दोन प्रकार, भाव सारखाच, घ्यायचा कुठला?

समजा, जुन्या वहीवरून पहिल्याचं सरासरी आयुष्य 24 महिने, प्रमाण विचलन (म्हणजे आयुष्य सरासरीच्या साधारण किती मागेपुढे होतं ते) 6 निघालं. दुसऱ्याचं 22 आणि 2. दुकानदार सरासरीच सांगणार. खरी गोम विचलनात आहे.

18 महिन्यांच्या आत तुटण्याची शक्यता काढू. 18 मधून सरासरी वजा करा, विचलनाने भागा. पहिल्याला उणे 1 येतं, दुसऱ्याला उणे 2. प्रसामान्य वितरणाच्या (बहुतेक आकडे सरासरीजवळ, दोन्ही बाजूंना सारखेच विरळ होत जाणारे) तक्त्यात त्याचे सुमारे 16 टक्के आणि 2.3 टक्के. म्हणजे 24 पैकी पहिल्या प्रकारचे जवळपास चार पट्टे लवकर तुटणार, दुसऱ्याचा सरासरी जेमतेम अर्धा! भर ऑर्डरीत अर्धा टॉवेल मागावर अडकून कामगार हातावर हात धरून बसतो, तेव्हा हा फरक फार जाणवतो.

30 महिने ओलांडायची शक्यता मात्र पहिल्याची 16 टक्के, दुसऱ्याची जवळजवळ शून्य.

हे झिजून तुटणाऱ्या पट्ट्यांपुरतंच. नवे पट्टेच पटापट तुटत असतील तर हा तक्ता लावू नका.

घाईच्या ऑर्डरी असतील तर दाजी, दुसराच घ्या. दोन-चार माग असून पट्टा स्वतः बदलता येत असेल, त्याला पहिला चालेल.