दुखरा खांदा आणि .२४३ विंचेस्टर: एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. उजव्या खांद्याच्या रोटेटर कफची (खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूबंधांची) शस्त्रक्रिया झालेल्या, पंचावन्नीच्या आसपासच्या, पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला .२४३ विंचेस्टर या काडतुसाची, नेम धरायच्या दुर्बिणीसकट साडेआठ पौंड भरणारी, लाकडी दस्त्याची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे मुठीचा खटका, मागे-पुढे करायची) छान झेपते. मात्र ती झेपण्यात काडतुसाचा वाटा निम्माच. उरलेला निम्मा वजनाचा, दस्त्याच्या लांबीचा आणि बोल्टचा. दुकानात मात्र सगळे फक्त काडतुसावर बोलतात.

मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहते. इथला रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो (पूर्वी सोमवारी व्हायचा, २०१९ पासून शनिवार झाला). व्हाइटटेल हरणं इतकी आहेत की शेजाऱ्यांचा मका आणि माझ्या बागेतला हॉस्टा दोन्ही त्यांचेच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे साताऱ्याला फोनवर मी हे फारसं बोलत नाही. काकू अजूनही विचारतात, "अगं, पण हरणं कशाला मारतेस?" टॅग (एकेका हरणाचा परवाना), कोटा, गेम कमिशन (राज्याचं शिकार खातं) हे सगळं त्यांना समजावत बसण्यापेक्षा "खातो आम्ही" एवढं सांगितलं की त्यांचं समाधान होतं.

आधी माझ्याकडे .३०-०६ होती. काडतूस १९०६ सालचं, अमेरिकेतल्या निम्म्या आजोबांचं लाडकं, आणि हरणासाठी गरजेपेक्षा बरंच जास्त. ड्राइव्हवेतल्या बर्फावर पडून स्नायूबंध फाटला, दुर्बिणीतून टाके घातले, मग सहा आठवडे झोळी आणि कित्येक महिने फिजिओथेरपी. सर्जननी बंदूक चालवायची परवानगी दिली खरी, पण "जोराचा धक्का नको, आणि कोपर खांद्याच्या वर वारंवार न्यायचं नाही" या दोन अटींवर. पहिली अट सगळ्यांना कळते. दुसरीचं महत्त्व मला रेंजवर गेल्यावर कळलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

धक्क्याचं गणित शाळेतलंच आहे. गोळी आणि जळालेली दारू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. रायफल जड असेल तर ती कमी वेगाने मागे येते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने मोजायची असल्यामुळे फरक चांगला जाणवतो. साधारण आठ पौंडांच्या रायफलमधून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .३०-०६ मारली तर धक्का २२ फूट-पौंडांच्या (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) घरात जातो. बाकीच्या काडतुसांचं बघायचं तर .३०८ सोळा-सतराच्या आसपास, ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर तेरा-चौदा. १०० ग्रेनची .२४३ साडेआठ पौंडांच्या रायफलमध्ये नऊच्या आसपास येते. म्हणजे माझ्या जुन्या बंदुकीच्या निम्म्याहून कमी.

आता गंमत बघा. हीच .२४३ साडेसहा पौंडांच्या हलक्या रायफलमध्ये घातली की आकडा बाराच्या जवळ जातो. एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने मला न विचारता थेट 'कॉम्पॅक्ट' रांगेतली सगळ्यात हलकी, प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल काढून दिली. का, तर "लेडीजना हलकी बरी पडते." तीसुद्धा ७ एमएम-०८ मध्ये. तशीच एक मैत्रिणीकडे होती, ती मी रेंजवर मारून बघितली. तिसऱ्या गोळीनंतर खांद्याच्या पुढच्या बाजूला ठणका लागला आणि चौथ्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. बाई दिसली की हलकी बंदूक पुढे करायची ही रीत दुकानांनी एकदाची बंद करावी. उचलायला हलकी असते ती मारायला हलकी नसते, आणि माझ्यासारखी जी मचाणावर किंवा झुडपाआडच्या तंबूत बसून वाट बघते तिला पौंड-दोन पौंड जास्त वजनाने काहीच बिघडत नाही. डोंगर चढून शिकार करणाऱ्यांचं वेगळं, त्यांनी त्यांचा हिशोब करावा.

६.५ क्रीडमूर घ्यायची असं माझंही जवळजवळ ठरलं होतं. हॉर्नेडीने २००७ मध्ये काढलेलं हे काडतूस खरंच चांगलं आहे, लांबवर वाऱ्याला पुरून उरतं. पण आमच्या जंगलात शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे दिसतंय काय? तेवढ्या अंतरासाठी जास्तीचे फूट-पौंड खांद्यावर का घ्यायचे? .२४३ ला १९५५ पासून लोक "पोरांचं काडतूस" म्हणून हिणवतात. गोळी नीट निवडली आणि पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसात बसवली तर दोनशे यार्डांपर्यंत हरणाला ते पुरतं. कोन वाईट असेल तर मात्र चाप ओढायचा नाही. जाड हाडातून तिरपी गोळी घालायची हौस असलेल्यांनी मोठं काडतूस घ्यावं. ओहायोतल्या मंडळींना हा पर्यायच नाही, तिथे हरणाला रायफल म्हटली की सरळ नळकांड्याची, तोंडाशी निमुळती न होणारी काडतुसंच चालतात. त्यांच्यासाठी २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजेंड बघण्यासारखं आहे. धक्का जवळपास .२४३ एवढाच, पल्ला मात्र कमी.

गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप चढवणारी) घेतली तर धक्का आणखी मऊ लागतो हे खरं आहे, पण पेनसिल्व्हेनियात हरणाला सेमी-ऑटो रायफल चालत नाही. विषय संपला. नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) लावायचा सल्ला तर प्रत्येक जण देतो. धक्का त्याने भरपूर कमी होतो, पण आवाज बाजूने आणि मागे फेकला जातो. शेजारच्या बाकावरच्या माणसाने ब्रेकवाली मारली तेव्हा दुहेरी कानझाकण असूनही दात हलल्यासारखे वाटले. मचाणावर बसून कान कायम बंद ठेवता येत नाहीत, पाचोळा वाजलेला ऐकायचा असतो. म्हणून मी ब्रेक लावला नाही. सप्रेसर (नळीला लावायचा आवाज दाबणारा डबा) हा चांगला मार्ग आहे, धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. त्यावरचा २०० डॉलरचा कर २०२६ च्या जानेवारीपासून शून्य झाला आहे, नोंदणीची कागदपत्रं मात्र अजून करावीच लागतात.

आता दस्ता. बाजारातल्या बहुतेक रायफलींना दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा इंच लांबी असते. ती पाच फूट दहा इंची पुरुषाच्या मापाची. त्यात आपण नोव्हेंबरअखेरीचं जाड जाकीट आणि वर नारिंगी बनियन घालणार (डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी दिसलंच पाहिजे असा नियम आहे). मग दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतच नाही. तो घसरून दंडाच्या सांध्यावर जातो, म्हणजे नेमका टाके घातलेल्या जागेवर. मी गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) दस्ता कापून साडेबारा इंच करून घेतला आणि कंपनीचं टणक रबर काढून मऊ लिंबसेव्हर पॅड बसवलं. एवढ्या एका कामाने मला काडतूस बदलण्याइतकाच फरक जाणवला. मापं घ्यायला हिवाळी जाकीट घालूनच जा. टी-शर्टवर घेतलेलं माप काही कामाचं नाही.

दस्ता गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या बाजूला असलेल्या मऊ खळग्यात बसायला हवा. बायकांसाठी आणखी एक गोष्ट, जी कोणताही पुरुष प्रशिक्षक सांगत नाही: ब्रेसियरच्या पट्ट्यावरचं लांबी कमी-जास्त करायचं बक्कल बरोबर त्याच खळग्यात येतं. दस्त्याखाली ते दाबलं गेलं की संध्याकाळी त्याच्या आकाराचा काळानिळा ठसा. बक्कल पाठीकडे सरकवा किंवा सरळ स्पोर्ट्स ब्रा घाला.

आता सर्जनच्या दुसऱ्या अटीकडे येते. धक्क्यापेक्षा मला बोल्ट जास्त दुखवतो. बोल्टची मूठ वर उचलताना उजवं कोपर बाहेर आणि वर जातं, आणि दुखऱ्या खांद्याला नेमकी तीच हालचाल नको असते. जुन्या धाटणीच्या बऱ्याच बोल्टना ९० अंश उचलावं लागतं. काही नव्या रायफलींना ६० ते ७० अंशच पुरतात. मी मुद्दाम ६० अंशवाली घेतली. .२४३ आखूड अ‍ॅक्शनमध्ये बसतं, त्यामुळे .३०-०६ पेक्षा बोल्ट मागेही कमी खेचावा लागतो. दुकानात रायफल खांद्याला लावून, रिकामी आहे याची खात्री करून, बोल्ट दहा-बारा वेळा उघडून-मिटून बघा. जी रायफल तिथेच कळ आणेल ती घरी आणू नका. नेम धरतानाही उजवं कोपर पंखासारखं बाहेर काढायची सवय सोडली आणि ते खाली सैल ठेवलं. रायफलचं वजन तिपाईवर टाकते, डावा हात फक्त दिशा देतो.

डाव्या खांद्याने मारायचा प्रयत्नही करून बघितला. माझा उजवा डोळा प्रबळ आहे, त्यामुळे मान मोडेपर्यंत वाकूनही चित्र काही जुळेना. ज्यांचा डावा डोळा प्रबळ आहे त्यांनी जरूर बघावं.

सरावासाठी .२२ ची स्वस्तातली बोल्ट रायफल वेगळी घेतली. धक्का जवळजवळ नाहीच, गोळ्या स्वस्त. सगळी तालीम तिच्यावर करते आणि .२४३ मोजकीच मारते, तीही शक्यतो उभं किंवा बसून. बाकावर पुढे ओणवं होऊन मारलं की शरीर मागे सरकत नाही आणि सगळा मार सांध्यावर येतो. शून्य जुळवायला (दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागते ती जागा एक करायला) बाक लागतोच, पण तिथे दस्ता आणि खांद्यामध्ये पॅड घालते. शिवाय मैत्रीण अधूनमधून मला न सांगता नकली काडतूस भरून देते. चाप ओढल्यावर बार न होता नळीचं टोक खाली डुबकी मारतं का, ते लगेच दिसतं. सुरुवातीला मारत होतं. उन्हाळा संपेपर्यंत थांबलं.

गोळी ८० ग्रेनची तांब्याची वापरते. हलकी असल्यामुळे धक्का किंचित आणखी कमी, आणि मटणात शिशाचे कण येत नाहीत. हंगामात पहिली मादी नव्वदेक यार्डांवरून मारली. फुप्फुसातून गोळी आरपार, चाळीसेक यार्ड पळून ती ओकच्या झाडाशी पडली. धक्का जाणवलासुद्धा नाही. पण खरं दुखणं पुढेच होतं. आतडी काढल्यावरही ते धूड ट्रकपर्यंत ओढून न्यायचं असतं, आणि एका हाताने ओढताना खांद्याला जे होतं ते कुठल्याही काडतुसाने केलं नसतं. बर्फावरून सरकणारी प्लास्टिकची घसरगाडी आणि तिला कमरेला बांधायचा पट्टा, हे रायफलबरोबरच विकत घ्या. मटण घरी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवलं. चरबी नसल्याने तेल सढळ लागतं आणि मंद आचेवर वेळ द्यावा लागतो.

तक्रारीही आहेत. थंडीत जाड हातमोज्यातून बोल्टची मूठ हाताला लागत नाही, ती फार लहान आहे. मॅगझिन प्लास्टिकचं आहे आणि शांत जंगलात बसवताना 'टक' असा आवाज करतं, त्यामुळे मी ते गाडीतून उतरतानाच बसवून ठेवते, काडतूस नळीत चढवते ते जागेवर बसल्यावर. मचाणावर चढताना रायफल पाठीवर कधीच घेऊ नका. रिकामी करून दोरीने वर ओढायची, तीही डाव्या हाताने. रायफलचा पट्टाही आता डाव्याच खांद्यावर.

एच-१बीवाल्यांचे प्रश्न मला नेहमी येतात. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन रायफल मिळते. तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

ज्यांना नऊ फूट-पौंडसुद्धा जास्त वाटतात त्यांनी कळ फिरवून ताणायचा क्रॉसबो (चाप असलेलं आडवं धनुष्य) बघावा, तो इथे धनुष्यबाणाच्या हंगामात चालतो. मी मात्र .२४३ च ठेवणार आहे. पुढच्या हंगामाआधी बोल्टला मोठी गोल मूठ बसवायला रायफल गनस्मिथकडे टाकायची आहे, तीही ऑगस्टमध्येच. ऑक्टोबरात त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.